मिनेगिशी स्टेशनरीचे साहेब

मिनेगिशी स्टेशनरी नावाची कंपनी जगात कुठंही नाही. तिच्यात मी एकटीच नोकरीला आहे.

टोकियोत शिंजुकूतल्या आमच्या इमारतीत खाली एजन्सी आहे, प्रौढांच्या फिल्मांत काम करणाऱ्या मुलींची कामं बघणारी. वरच्या मजल्यावर एका खोलीत मी आणि माझे फोन. प्रत्येक फोनला वेगळ्या रंगाची पट्टी, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे एक कंपनी. हिरवा वाजला की मी दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकते, पिवळा वाजला की लग्नाचे हॉल सजवते, आणि निळा वाजला की, "मिनेगिशी स्टेशनरी, बोला." मुलीची आई असो, घरमालक असो नाहीतर बँकवाला, सगळ्यांना उत्तर तेच. ती मीटिंगमध्ये आहे हो, निरोप देते. दारावरची पाटी लोहचुंबकाची आहे, लागेल तशी बदलते. या धंद्यात बहुतेक एजन्सींकडे अशी सोय असते, कारण घरी कळू नये ही प्रत्येक मुलीची पहिली अट. लोक हसतात. हसेनात का मेले! मी स्वतः त्या कॅमेऱ्यापुढे कैक वर्षं काढलीत. तेव्हा ही सोय नव्हती. बापाला कळलं, त्यानं दार लावलं ते लावलंच. तेव्हा खोटं बोलायची मला काडीचीही लाज वाटत नाही.

निळी पट्टी चिनात्सूची. चिनात्सू ओसानाइ, उत्तरेकडे आओमोरीच्या खाडीवरच्या एका बंदरगावातली. पडद्यावरचं नाव वेगळं, ते सांगत नाही, बरेच पुरुष ते ऐकून खोकायला लागतात. तिशीला आली तरी तिला अजून काम मिळतं, आणि आमच्याकडे हे सोपं नाही. बाप गेलेला. आई एकटी, बंदरावरच्या शेडमध्ये शिंपले सोलते. पोरगी टोकियोत वह्या-पेनांच्या कंपनीत कॅटलॉग बनवते, एवढंच त्या माउलीला माहीत. दर डिसेंबरला ती कंपनीच्या साहेबांना गावाकडून खोकं पाठवते, पोरीला सांभाळता म्हणून. आणि मी साहेबांच्या नावानं आभाराचं कार्ड धाडते, खाली पत्त्यासकट. पत्ता नसेल तर कार्ड खोटं वाटतं ना.

चिनात्सू घरी जात नाही. शेवटची गेली ती वडिलांच्या वर्षश्राद्धाला. गावच्या स्टेशनवर शाळेतला एक मुलगा भेटला. तो काही बोलला नाही, नुसता हसला. कसा हसला ते तिनं मला एकदाच सांगितलं. तेव्हापासून नवं वर्ष असो की पितरांचा सण, आईला उत्तर एकच, कंपनीत काम फार. मला तिची एकच ताकीद, "तोमोएताई, आई कधीतरी माझ्यासाठी सुट्टी मागेल. द्यायची नाही. काय वाटेल ते कारण सांगा, पण सुट्टी नाही. आईच्या कानावर गेलं तर मी जगणार नाही." ही पोरगी उगाच मोठं बोलणारी नव्हे. म्हणून मीही शब्द दिला होता.

त्या दिवशी दुपारी निळा फोन वाजला. मी तोंडातला भात गिळला.

"मी चिनात्सूची आय बोलतीया. टोकियोत उएनो स्टेशनावर उतरलीया बगा. म्हटलं औंदा खोकं पाठवण्यापरीस आपनच जाऊन साहेबांस्नी भेटावं. पत्ता हाय माज्याकडं."

"अहो, पण साहेब फार... चिनात्सूला माहीत आहे का?"

"तिला नगा सांगू! ती नकोच म्हनंल. मी आपली येऊन दोन मिंटात जाती. रातच्याला घरी पोचायचंय."

आणि ठेवला की फोन! मी परत लावला तर उचलेना. बाई गाडीत बसली असणार. चिनात्सू शहराबाहेरच्या स्टुडिओत शूटिंगला. सीन संपेपर्यंत मुलींचे फोन मॅनेजरच्या बॅगेत असतात. मी मॅनेजरला मेसेज केला, त्यानं बघितलाच नाही. आता इथं साहेब कुठून आणायचा? एजन्सीचा मालक केस रंगवलेला, हातात अंगठ्या. त्याला बघून कुणाचीही आई पोलिसांत जाईल.

मी धडाधड जिना उतरले. खाली कुरोइवा नूडल्स ओरपत बसला होता.

कुरोइवा आमचा जुना नट. आमच्याकडे मुली येतात-जातात, पुरुष मात्र तेच तेच, मूठभर. पन्नाशीचा हा माणूस पडद्यावर कायम सेक्शन चीफ असतो. त्याचा निळा सूट, टाय आणि लेदरची बॅग एजन्सीच्या कपाटातच टांगलेली. दिग्दर्शकांना सेक्शन चीफशिवाय काही सुचतच नाही, त्याला तो तरी काय करणार.

"ऊठ," मी म्हटलं. "सूट घाल. साहेब व्हायचंय."

"आज माझं काम नाहीये, ताई."

"चिनात्सूची आई येतेय. आत्ता. वर."

त्याच्या काड्या हातातच राहिल्या. "आणि मी काय करू?"

"बस, चहा पी, पोरीचं कौतुक कर, वाटेला लाव."

"मला कपडे अंगावर ठेवून सीन करायची सवय नाही हो," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण आवाज चिरकला. चिनात्सूबरोबर त्यानं कितीतरी कामं केलीत, तिच्यावर त्याचा जीव आहे, धाकट्या बहिणीवर असावा तसा. आता कुणी म्हणेल हे कसलं नातं. ज्यानं हे काम केलं नाही त्यानं बोलू नये.

वर येऊन मी पाटी बदलली, भिंतीवरचं फिल्मचं पोस्टर उलटं केलं, टेबलावर चार वह्या आणि पेनांचा डबा मांडला. कुरोइवाला बजावलं, "ती सुट्टी मागेल. काही झालं तरी नाही म्हणायचं. वर्षअखेर आहे, नवा कॅटलॉग आहे, एक दिवसही सोडता येणार नाही. चिनात्सूची सक्त ताकीद आहे. समजलं?"

"आणि तिनं मला ओळखलं तर?"

"शिंपले सोलणारी बाई तुझ्या फिल्मा बघते होय रे, गाढवा?"

"तिची नाही, तिच्या गावातल्या पुरुषांची भीती वाटते," तो म्हणाला, आणि माझ्याही डोळ्यापुढे ते स्टेशनवरचं हसू आलं.

दारावर टकटक झाली.

बाई लहानखुरी, वाळलेली. तपकिरी कोट, बहुतेक कुणाचा तरी मागून घातलेला, कारण बाह्या बोटांवर येत होत्या. हातात कापडात बांधलेलं खोकं. ती दारातच इतकी वाकली की मला तिच्या मानेचा मणका दिसला. कुरोइवा ताडकन उठला, दोन्ही हातांनी साहेबाचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. ते मी तेवढ्यात छापलं होतं, शाई ओली होती. तिनं ते कपाळाला लावल्यासारखं धरलं, आणि तिच्या अंगठ्यावर काळा डाग उमटला. मी बघितलं. तिनंही बघितलं असेल.

"माजी पोरगी तुमच्या पायाशी हाय, साहेब," ती म्हणाली. "सुकवलेले शिंपले हायेत. आमच्याच खाडीतले. काय मोठं न्हाई."

"अहो, उगाच त्रास घेतलात," कुरोइवा म्हणाला. आवाज एकदम झकास आला. मला जरा हायसं वाटलं.

"कशी करती काम? खरं सांगा. घरी लई आळशी हुती."

आता इथं गोलमाल उत्तर द्यायचं ना! पण हा पठ्ठ्या पुढं सरकून बसला आणि मनापासून बोलायला लागला. "ओसानाइबाई, तुमची मुलगी सगळ्यांच्या आधी येते. आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार करते. लाइटवाल्यालासुद्धा."

"लाइटवाला?"

"ट्यूब बदलायला येतो हो तो माणूस," मी मधेच म्हटलं.

"हां, तोच," कुरोइवा घाम पुसत म्हणाला. "कितीही थंडी असो, कितीही उशीर होवो, ती कुरकुर करत नाही. नवीन मुली घाबरतात ना, तेव्हा ती त्यांचा हात धरून बसते. मी इतकी वर्षं या लाइनीत आहे, पण असं माणूस फार थोडं बघितलं."

"स्टेशनरीत कशाला घाबरत्यात?"

"गिऱ्हाइकं!" मी आणि कुरोइवा एकदमच म्हणालो. "फार ओरडतात फोनवर," मी पुढं जोडलं.

तेवढ्यात हिरवा फोन वाजला. दातांच्या खुर्च्या. मी उचललाच नाही. तो वाजतोय, वाजतोय. आई म्हणाली, "बाई, फोन वाजतुया. घ्या की, माजं काय." आता उचलला तर दातांची कंपनी, न उचलला तर ही कसली ऑफिसबाई! मी उचलला, "राँग नंबर," म्हणून आपटला. पलीकडे हिरव्या पट्टीच्या मुलीचा घरमालक असेल तर त्याला मी नंतर काय सांगणार होते, देव जाणे. कुरोइवाचा पाय टेबलाखाली नुसता हलत होता.

आईनं कप खाली ठेवला. कपाच्या काठावर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "साहेब, एक इनंती हुती. लई दिस झालं पोरगी घरला—"

मी कुरोइवाच्या पायावर पाय दिला.

"तेवढं मात्र मागू नका," तो म्हणाला. डोकं इतकं खाली झुकवलं की खरा साहेबही झुकवणार नाही. "वर्षअखेर आहे. सगळा कॅटलॉग तिच्यावर आहे. एक दिवस ती नसेल तर आमचं सगळं थांबेल, बाई. तुम्हाला वाईट वाटेल, पण तिला सोडता येत नाही."

बाईनं कोटाच्या बाह्या वर सारल्या. मग हसली. "न्हाई, न्हाई. तसं काय न्हाई. सहज आपलं इचारलं. येवढं पोरीवर हाय म्हंजी..." आणि पुन्हा वाकली. "लई बरं वाटलं ऐकून."

सुटलो, असं मला वाटलं.

तिला स्टेशनवर पोचवायला मीच गेले. प्रेमानं नाही, भीतीनं. इमारतीच्या वॉचमनला तिनं काही विचारलं तर, खालून एखादी मुलगी टॉवेल गुंडाळल्यासारखा फ्रॉक घालून वर आली तर! रस्त्यात ती माझ्याबरोबर भराभर चालायचा प्रयत्न करत होती आणि मधेच थांबून पोटावर हात दाबत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. गाठ हाय वाईच. फुडल्या आटवड्यात कापनार हायेत, शेराच्या दवाखान्यात." हे तिनं असं सांगितलं, जसं आपण सांगतो की पुढच्या आठवड्यात गादी उन्हात घालायची आहे. "डाक्तर म्हनत्यात नात्यातलं कुनीतरी बसाया पायजे. उघडल्यावर काय निघंल, सांगता येत न्हाई म्हनं. तवा म्हटलं, पोरीची सुट्टी मागावी, पर आपन मागावी. तिला साहेबांफुडं मान खाली घालाया लागू ने."

मी तिथंच उभी राहिले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला.

"पर आता न्हाई," ती म्हणाली. "साहेब येवढं म्हनत्यात, तर आता कशाला. शेजारीन बसंल." मग तिनं माझा हात धरला. तिची बोटं खरखरीत, शिंपल्यांच्या कडांनी कापलेली. "बाई, तिला सांगू नगा. तिला कळलं तर ती सोडून येनार. माज्यापाई तिची जागा जाईल. शब्द द्या मला."

मी शब्द दिला. मी तर रोजच शब्द देते. स्टेशनच्या तिकीट-फाटकापाशी ती पुन्हा वाकली. तिच्यामागं माणसं तुंबली तरी ती वाकलेलीच.

परत येताना माझा संताप संताप झाला. कुणावर ते कळेना. चिनात्सूवर, त्या दात विचकणाऱ्या शाळासोबत्यावर, कुरोइवाच्या त्या झकास आवाजावर. मुलींच्या आयांपासून लपवायचं हा माझा धंदा, आणि आज एका आईनं मलाच कामाला लावलं, पोरीपासून लपव म्हणून. धंद्याचा नियम असा की घरच्यांनी जे सांगितलं ते मुलीला सांगायचं. पण एखाद्या आईनं शब्द घेतला तर काय, याचा नियम कुणी केलाच नव्हता.

खोलीत कुरोइवा टाय सैल करून शिंपले चघळत होता. आणि चिनात्सू! मॅनेजरनं मेसेज बघून तिला गाडीत घालून थेट आणलं होतं. तिच्या चेहऱ्यावर सेटवरचा मेकअप तसाच, पापण्या चिकटवलेल्या.

"काही कळलं नाही ना तिला? खरं सांगा, ताई!"

"काही नाही कळलं."

ती खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन हसायला लागली. हसता हसता रडली. "कुरोइवादादा, तुम्ही साहेब! आई काय म्हणाली? सुट्टी मागितली का?"

"मागितली. मी दिली नाही," कुरोइवा ऐटीत म्हणाला. "असं ठाम नाही म्हटलं, की त्या बिचारीनं पुन्हा तोंड उघडलं नाही."

"वाचवलंत मला," चिनात्सू म्हणाली. तिनं खोक्यातला एक शिंपला उचलला, वास घेतला. "घरचा वास आहे."

मी गप्प बसू शकले असते. इतकी वर्षं गप्प बसायचेच पैसे घेते आहे मी. पण पोरगी डोळे मिटून तो शिंपला हुंगत होती, आणि माझ्याच्यानं ते बघवेना. मी सांगितलं. सगळं सांगितलं. गाठ, दवाखाना, शेजारीण, मला घातलेली शपथ.

कुरोइवा हातातला शिंपला तसाच धरून बसला. चिनात्सूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडेल. ती ओरडली.

"का सांगितलंत मला? खोटं बोलायला काय झालं होतं तुम्हाला? तुमचं कामच ते आहे! मला कळलं नसतं तर मी गेले नसते. आता मला जावं लागणार!"

"नको जाऊस मग," मीही भडकले. "राहा इथंच. मी हवं तर तिला कार्ड धाडते."

"गावात उतरले की तो शाळेतला स्टेशनवर असेल. दवाखान्यात कुणाचा तरी भाऊ असेल, वॉर्डबॉय असेल. आई टेबलावर असताना बाहेर कुणी तिच्या शेजारणीला सांगितलं तर? ती शुद्धीवर येईल आणि तिला पहिलं हेच कळेल, ताई!" एक पापणी निखळून गालावर आली, तिनं ती ओरबाडून फेकली. मग तिनं स्वतःचा फोन काढला आणि लावला, आणि आमच्यासमोरच लाऊड करून टेबलावर ठेवला. तो हातात धरवत नव्हता तिला.

"आई, कुठं आहेस?"

"उएनोला. गाडीला टाइम हाय." मागं स्टेशनची घोषणा चालू होती. "तू कामाच्या वक्ताला फोन कसा केलास?"

"मी येतेय. तिथंच थांब. तुझ्याबरोबर येतेय घरी."

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "त्या बाईनं सांगितलं व्हय. शब्द दिला हुता तिनं मला." मी मान खाली घातली. "चिनात्सू, साहेब हायेत का तितं? साहेबांस्नी दे फोन."

"आई, साहेबांचं सोड—"

"दे म्हनते ना!"

कुरोइवा उठून उभा राहिला. का कोण जाणे, त्यानं आधी टाय घट्ट केला. "बोला, ओसानाइबाई."

"साहेब, पोरगी अजान हाय, माज्यापाई काय बी बोलंल. तुमी मनावर घेऊ नगा. तिला काढू नगा." बाईचा आवाज फुटला. "लहानपनापासनं कशात टिकली न्हाई ती. शाळेत न्हाई, शेडमधी न्हाई. कुनी तिच्याबद्दल चांगलं बोललेलं मी कवा ऐकलं न्हाई. आज पयल्यांदा ऐकलं. लाइटवाल्यालाबी नमस्कार करती म्हनला तुमी. तितंच ऱ्हाऊ द्या तिला, साहेब. तुमच्यातच ऱ्हाऊ द्या. पाया पडते मी तुमच्या."

चिनात्सूनं तोंडावर हात दाबला. कुरोइवा, जो इतक्या वर्षांत एकही संवाद कधी विसरला नाही, तो फोनपुढं नुसता उभा. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टेबलावर टपकत होतं.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "तिची जागा कुठं जात नाही. आणि मी तिला सुट्टी दिली आहे. तुम्ही बऱ्या होईपर्यंत. मघाशी मी चुकलो."

"कॅटलागाचं कसं?"

"कॅटलॉग जाऊ दे खड्ड्यात!" मी ओरडले.

"लई उपकार झालं," पलीकडून आवाज आला. "असा साहेब मिळाला माज्या पोरीला. आता उघडल्यावर काय बी निघू दे."

चिनात्सूनं फोन उचलला. मी तिला माझा कोट दिला, कारण ती सेटवरच्या पातळ ब्लाउजवरच आली होती. तोंडाला लावायला मास्क दिला. मेकअप पुसायला वेळ नव्हता. जिन्यापर्यंत जाऊन ती परत आली. चौकट धरून उभी राहिली.

"ताई, तिथं आईसमोर कुणी ओळखलं तर मी काय सांगू?"

घरमालक, बँक, सासरे, पोलीस, मी सगळ्यांना उत्तरं दिलीत. याचं मला सुचेना. मी तिचा मास्क नाकावर ओढला.

"पळ," मी म्हटलं. "गाडी सुटेल."